वय झालं म्हणण्याआधी रक्तातलं बी-१२ बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ब जीवनसत्त्वं आणि स्मृतिभ्रंश यावर एक लेख आला होता. आतल्या मजकुरात ‘कमतरता असेल तर’ असे शब्द होते, नाही असं नाही, पण मथळा असा टाकला होता की वाचणाऱ्याला वाटावं बी-कॉम्प्लेक्स खाल्लं की म्हातारपणी डोकं शाबूत राहतं. लोक मथळाच वाचतात हो. माझं सांगलीत विश्रामबागेकडं मेडिकलचं दुकान आहे, अर्धं आयुष्य काउंटरमागं उभं राहण्यात गेलंय, आणि लेख आला त्या दिवसापासून माणसं कात्रण घेऊन नाहीतर मोबाईलवर पानाचा फोटो काढून यायला लागली. ‘ह्यातली भारीतली द्या, आईला हल्ली काय ध्यानात राहत नाही.’ धंदा म्हणून बघितलं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता, झाला नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे. कापायचंच असेल तर शेवट कापा, मधलं कापू नका.

मुद्दा तसा सरळ आहे. बी-१२ हे ह्याच ब जीवनसत्त्वांपैकी एक, ते रक्तात कमी पडल्यामुळं जे विसरणं, गोंधळणं, चिडचिड सुरू होते ती वेळेत पकडली तर बऱ्याचदा मागं फिरते. आणि अल्झायमर हा मेंदूच्या पेशीच हळूहळू मरत जाण्याचा आजार, तो कुठल्याही बी च्या गोळीनं टळतो किंवा थांबतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. घरातल्या माणसाला बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आज्जी तेच तेच विचारते, आबा गॅस चालू ठेवून बाहेर जातात, सुरुवातीला फरक कळतच नाही. लेखानं दोन्ही एकाच पिशवीत घातलं. मग होतं काय की ज्याला खरंच कमी आहे तो ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून घरात बसून राहतो आणि ज्याला काहीच कमी नाही तो दर महिन्याला पैसे घालवून कॅप्सूल खातो.

आता ह्या बी जीवनसत्त्वांचा आणि मेंदूचा संबंध आला कुठनं, तर होमोसिस्टीन नावाच्या पदार्थावरनं. डाळ, दूध, मटण, आपण जी काय प्रथिनं खातो त्यातल्या मेथिओनिन नावाच्या घटकापासून हा शरीरात तयार होतो आणि त्याची विल्हेवाट लावायला बी-१२, फोलेट (गोळीत असतं ते फोलिक ॲसिड) आणि बी-६ ही तीन ब जीवनसत्त्वं लागतात, तिघांपैकी एक जरी कमी पडला तरी होमोसिस्टीन रक्तात साचायला लागतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांचा पिढ्यानपिढ्या अभ्यास चाललाय, त्यातनं २००२ साली निघालं की ज्यांचं होमोसिस्टीन १४ च्या वर होतं त्यांना पुढं अल्झायमर होण्याचा धोका जवळपास दुप्पट. झालं, सगळ्यांना वाटलं आता सापडलं. कारण होमोसिस्टीन खाली आणायला फार काही लागत नाही, ह्या तीन स्वस्तातल्या गोळ्या दिल्या की उतरतं.

पण दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं होत नाही, ते माणसांना औषध देऊन बघावंच लागतं, आणि लोकांनी बघितलं. अमेरिकेत ४०९ अल्झायमरच्या पेशंटना दीड वर्ष भरपूर डोसमध्ये फोलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ दिलं, त्याचा रिझल्ट २००८ ला छापून आला. होमोसिस्टीन उतरलं, बुद्धी घसरायची ती घसरतच राहिली, काडीचा फरक नाही, उलट गोळी घेणाऱ्यांत उदासपणाची तक्रार जास्त निघाली. मग २०१० ला ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथ आणि हेल्गा रेफसम यांच्या टीमनं वेगळी माणसं घेतली, सत्तरीच्या पुढची, अजून स्मृतिभ्रंश नाही पण विसरायला लागलेली. अर्ध्यांना ह्या तीन गोळ्या, अर्ध्यांना खोट्या गोळ्या, दोन वर्षं, सुरुवातीला आणि शेवटी मेंदूचा एमआरआय. १६८ जणांचे दोन्ही एमआरआय मिळाले. म्हातारपणी मेंदू थोडा थोडा आकसतो, तो आकसण्याचा वेग गोळी घेणाऱ्यांत सरासरी ३० टक्क्यांनी कमी होता आणि ज्यांचं होमोसिस्टीन मुळात १३ च्या वर होतं त्यांच्यात तर ५३ टक्क्यांनी. आपल्या लेखात आला तो अभ्यास हा.

जे आलं नाही ते असं की २०१४ ला त्याच ऑक्सफर्डच्या रॉबर्ट क्लार्क यांनी अशा ११ चाचण्या, सगळे मिळून २२ हजार लोक, एकत्र करून मांडल्या, तर स्मरणशक्तीवर म्हणण्यासारखा काहीच परिणाम नाही. त्यावर स्मिथ यांच्या बाजूचे म्हणाले की अहो ह्यातले बहुतेक लोक धडधाकट होते, ज्याची बुद्धी घसरतच नव्हती ती गोळीनं वाचली का नाही हे कळणार कसं. एकाच विद्यापीठात अशी जुंपलेली बघून मला तर मजा वाटली. पण वाचकाला दोन्ही बाजू सांगायला हव्या होत्या, एकच बाजू सांगितली की ती बातमी राहत नाही, जाहिरात होते.

माझ्या मते दोघांचंही खरं आहे. भरलेल्या घागरीत पाणी ओतलं तर ते वाहूनच जाणार, अर्धी घागर असेल तर उपयोग होणार. आणि तिकडच्या बहुतेक चाचण्या ज्या लोकांवर झाल्या त्यांच्या ताटात मांस, मासे, अंडी, चीज असतं, तरीसुद्धा म्हातारपणी काहींचं कमी पडतं ते वेगळं. आपल्याकडं काय स्थिती आहे ते बघायला ऑक्सफर्डला जायला नको, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ह्याच हेल्गा रेफसम वगैरे मंडळींबरोबर पुण्यातल्या २०४ जणांचं रक्त तपासलं, ते २००१ ला छापून आलं, तर ४७ टक्के लोकांत बी-१२ कमी आणि ७७ टक्के लोकांत होमोसिस्टीन जास्त. पुढं २००६ च्या अभ्यासात पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यातले ४४१ पुरुष घेतले, त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी. आणि सगळ्यात वाईट आकडा झोपडपट्टीचा नाही, खेड्याचाही नाही, शहरातल्या मध्यमवर्गाचा, ८१ टक्के! म्हणजे पैसे आहेत, फ्रिज भरलेला आहे, आणि रक्तात जीवनसत्त्व नाही. ही माणसं मधल्या वयातली होती, म्हातारी नव्हे. तीच आज साठी-पासष्टीत आलीत.

कारण सांगायचं तर बी-१२ झाडपाल्यात नसतंच. पालक, बीट, कडधान्य, मोड आलेली मटकी, कशात नाही. जंतू ते तयार करतात आणि आपल्याला मिळतं जनावरांकडनं, दूध, दही, अंडी, मासे, मटण, आणि कलेजीत तर भरपूर. इडलीचं पीठ आंबवलं की मिळतं, स्पिरुलिनात मिळतं असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं, पण आंबवलेल्या पिठाचा भरवसा धरता येत नाही आणि स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या उपयोगाला न येणारं असतं. त्या हिरव्या गोळ्या मी पण विकतो, मागितल्या तर देतो, पण बी-१२ साठी म्हणून कोणी मागितल्या तर सांगतो की राहू द्या.

मग शाकाहारी माणसाला राहिलं काय, तर दूध. आणि इथं मला आपल्या जिल्ह्याबद्दल बोलायचंय. सांगली म्हणजे काय दुधाला कमी आहे का हो? वाळवा, शिराळा, पलूस, कडेगाव, कुठल्याही गावात सकाळी सहाला जावा, डेअरीपुढं किटल्या घेऊन रांग असते, गोठ्यात दोन म्हशी नाहीतर एक जर्सी, आणि सगळं दूध डेअरीला. फॅट बघायचं, पावती घ्यायची, दहा दिवसानं बिल. घरात राहतं चहापुरतं. मी गिऱ्हाईकाला विचारतो, आई दूध पितात का, तर म्हणतात व्हय की, पितात. किती पितात विचारलं की कळतं ते चहातलं दूध. दिवसात तीन चहा, कपात दोन-तीन चमचे. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आता चहातल्या दुधाचा हिशोब तुम्हीच लावा. ज्या घरातनं रोज दहा लिटर दूध जातं त्या घरातल्या म्हातारीला बी-१२ ची सुई टोचायची वेळ येते ही गोष्ट मला तरी नॉर्मल वाटत नाही, बिलाचे पैसे घरखर्चाला लागतात हे कळतं, पण एक पेला म्हातारीचा आणि एक नातवाचा काढून मग उरलेलं घाला की.

दुसरी गोष्ट माळेची. आपल्याकडं वारीला जाऊन आल्यावर माळ घालणारी माणसं घराघरात आहेत, माझ्या घरात पण आहेत, आणि माळ घातली की अंडं-मटण बंद ते कायमचं. त्यात वाईट काही नाही, श्रद्धेच्या आड यायचा मला अधिकार पण नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की बी-१२ चा साठा लिव्हरमध्ये असतो आणि तो दोन-चार वर्षं पुरतो, त्यामुळं माळ घातल्या घातल्या काही होत नाही, माणूस एकदम ठणठणीत, उलट पहिल्यापेक्षा हलकं वाटतंय म्हणतो. घसरण नंतर येते, तोवर कोणाच्या डोक्यात पण येत नाही की त्याचा याच्याशी संबंध असेल.

आणि तिसरी गोष्ट, जी मला काउंटरवरनं रोज दिसते. शुगरची मेटफॉर्मिन. औषध चांगलंच आहे, बंद करा असं अजिबात म्हणत नाही, डॉक्टरला न विचारता कोणी बंद करू पण नका, पण वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातनं बी-१२ कमी शोषलं जातं हे आता पक्कं माहीत झालंय आणि अमेरिकेतल्या मधुमेहाच्या संघटनेचं सांगणं आहे की अशा पेशंटचं बी-१२ अधूनमधून तपासत जा. त्याच्या जोडीला ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल नाहीतर ओमेप्रॅझोल, रोज सकाळी उपाशीपोटी, कोणी पाच वर्षं कोणी दहा वर्षं, मुळात आठ-पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. अन्नाला चिकटलेलं बी-१२ सुटं व्हायला पोटात ॲसिड लागतं, ते ॲसिडच बंद केल्यावर कसं सुटणार? शिवाय उतारवयात काहींच्या पोटाचं अस्तरच पातळ होतं, ॲसिड आपोआप कमी होतं. आता एकाच माणसात हे सगळं एकत्र धरा. वय सत्तर, गळ्यात माळ, दूध चहापुरतं, शुगरची गोळी, पित्ताची गोळी. अशी चिठ्ठी माझ्याकडं रोज येते. रोज!

असेच एक आण्णा आमच्याकडं यायचे, हरिपूर रोडच्या बाजूला राहणारे. एकदा औषधं घेऊन गेले आणि तासाभरात परत तीच चिठ्ठी घेऊन आले. मुलगा पुण्यात, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, काका आता वयच झालंय त्यांचं, साठी बुद्धी नाठी, आम्ही सवय करून घेतलीय. मी चिठ्ठ्या काढून बघितल्या आणि त्याला एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी आलास की डॉक्टरांना बी-१२ आणि थायरॉईड बघायला सांग. चालताना तोल जातो, तळपायाला मुंग्या येतात, चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही, हे त्यानं नंतर सांगितलं, आधी कोणी विचारलंच नव्हतं. बी-१२ अगदी तळाला निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनचा कोर्स दिला, मग गोळी. डोकं बऱ्यापैकी जाग्यावर आलं, हिशोब परत स्वतः करायला लागले, मुंग्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत, कारण नस जास्त दिवस उपाशी राहिली की पूर्ण भरून येत नाही. तपासणी लवकर झाली असती तर कदाचित त्या पण गेल्या असत्या.

पण हे ऐकून लगेच पळू नका. दुसऱ्या एका घरातल्या आज्जींचं पण बी-१२ कमी निघालं होतं, त्यांनाही सगळा कोर्स झाला, रिपोर्ट वर गेला, घरातले खूश, आणि आज्जी मात्र महिन्या-महिन्याला अजून अजून हरवत गेल्या. त्यांना अल्झायमर होता. बी-१२ कमी असणं ही त्यांच्यातली दुसरी गोष्ट होती, मुख्य नव्हती. हे सांगायचं एवढ्यासाठी की बी-१२ कमी सापडलं म्हणजे कारण सापडलंच असं नाही, सहा महिन्यांत फरक पडला नाही तर मेंदूच्या डॉक्टरला दाखवायचं, मिरज शेजारीच आहे, दवाखान्यांचं गाव, दाखवायला मुंबईला जायला लागतंय असं पण नाही. थायरॉईड, मेंदूवर दाबलेलं रक्त, मेंदूत साठलेलं पाणी, डिप्रेशन, झोपेच्या गोळ्या, अशी विसरण्याची बरी होणारी कारणं अजून आहेत, एकावर अडकून बसलं की बाकीची राहून जातात.

एक गैरसमज खुद्द शिकलेल्या माणसांत आहे, की हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी-१२ चांगलंच असणार. असं नाही. १९८८ ला अमेरिकेत बी-१२ कमी असल्यामुळं मेंदूचा आणि नसांचा त्रास झालेल्या १४१ जणांची नोंद छापून आली, त्यातल्या ४० जणांच्या रक्तात ना ॲनिमिया होता ना पेशी मोठ्या झालेल्या. म्हणजे साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची नेहमीची तपासणी, बघून सोडलं असतं तर हे ४० जण निसटले असते. आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर अजून घोटाळा, कारण त्या रक्त सुधारतात, ॲनिमिया दिसत नाही, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून नुसतं फोलिक आपल्या मनानं घेऊ नका. बी-१२ चा रिपोर्ट १५०-२०० (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) च्या खाली आला तर कमी आहे हे सरळ दिसतं, पण २०० ते ३०० च्या मधला रिपोर्ट हा काठावरचा असतो, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ छापून आला तरी त्रास असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड बघायला सांगतात, बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही वाढतात.

आता ‘ताकदीच्या सुई’बद्दल. आपल्याकडं खेड्यातनं माणूस येतो आणि म्हणतो ती लाल सुई मारा. लाल म्हणजे बी-१२ चीच, कोबाल्टमुळं तो रंग असतो, आणि लाल रंगावर लोकांचा विश्वास एवढा की बिनरंगाची दिली तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं त्यांना. कमतरता असेल तर ती सुई सोन्यासारखी आहे. पण होतं असं की आधी सुई मारतात आणि मग कोणीतरी शहाणा बी-१२ तपासायला सांगतो, तर रिपोर्ट हजाराच्या वर, आणि सगळे म्हणतात बघा की काय कमी नाही. तपास आधी, सुई नंतर, एवढा क्रम तरी पाळा. आणि प्रत्येकाला सुईच लागते असं पण नाही, हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतनं थोडा भाग पोटाच्या अडचणीला बाजूला ठेवून सरळ रक्तात जातो, त्यामुळं बऱ्याच जणांचं गोळीवर भागतं. लक्षणं जास्त असतील तर सुईच, ते डॉक्टर ठरवतील. बी-६ मात्र जपून, महागड्या ‘नसांच्या’ गोळ्यांत ते जास्त प्रमाणात असतं आणि बरेच महिने जादा डोस गेला की उलट त्यानंच नसा बिघडतात, हातापायाला मुंग्या येतात, मग माणूस मुंग्यांसाठी अजून तीच गोळी वाढवतो.

बाकीच्या बी जीवनसत्त्वांचं थोडक्यात सांगतो कारण लेखात त्यांचा नुसता नावापुरता उल्लेख होता. बी-१ चा प्रश्न आपल्याकडं दारूचा आहे. रोज पिणारा माणूस जेवत नाही, बी-१ संपतं, मग एकदम तोल जातो, डोळे फिरतात, गोंधळतो, आणि वेळेत बी-१ ची सुई मिळाली नाही तर नव्या गोष्टी लक्षात राहणंच कायमचं बंद होतं. माणूस मग मनानंच गोष्टी रचून सांगतो आणि घरच्यांना वाटतं अजून प्यालाय. अशा माणसाला दवाखान्यात नेलं तर तो पितो हे लपवू नका, कारण नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवण्याआधी बी-१ द्यायला लागतं. बी-३ च्या कमतरतेचा आजार म्हणजे पेलाग्रा, त्यात कातडी, पोट आणि डोकं तिन्ही बिघडतं, तो एकेकाळी दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसायचा, हैदराबादला आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं आणि ज्वारीच्या प्रथिनातल्या ल्युसिन नावाच्या घटकाकडं बोट दाखवलं, पुढं त्यावर वाद झाले. म्हणून जत-आटपाडीकडच्यांनी भाकरी सोडायची असं नाही हां, भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असले की प्रश्न येत नाही. आणि फोलेटची गोष्ट तर मुंबईचीच, लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ ला मुंबईत आल्या, गरोदर बायकांच्या ॲनिमियावर काम करताना त्यांना कळलं की यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे ज्यानं हा ॲनिमिया बरा होतो, तेच पुढं फोलेट म्हणून ओळखलं गेलं. आपल्या पुरवणीत असल्या गोष्टी छापा की, लोक आवडीनं वाचतील.

आणि स्मृतिभ्रंश टाळायचाच असेल तर गोळीच्या बाहेर पण बघा. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा २०२३ ला आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं २०२४ ला १४ गोष्टींची यादी दिली, ज्या सांभाळल्या तर जगातला ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, दारू, डोक्याला मार, एकटेपणा, कमी ऐकू येणं, कमी दिसणं ह्या त्यातल्या काही. त्या यादीत बी जीवनसत्त्व नाही. आमच्याकडं कॅप्सूलला मागंपुढं न बघता पैसे देणारा माणूस वडलांच्या कानाचं मशीन मात्र ‘आता ह्या वयात कशाला’ म्हणून टाळतो. हेल्मेटचं तर बोलायलाच नको.

आता मागणं. एक ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्याच्या आगेमागे गावोगावी शिबिरं होतात, नेत्याचा फोटो, शुगर-बीपी तपासणी आणि जाताना प्रत्येकाला एक कॅल्शियमची आणि एक बी-कॉम्प्लेक्सची पट्टी फुकट. ती पट्टी वाटण्याऐवजी तेवढ्या पैशात थोड्याच लोकांचं बी-१२ तपासा. सगळ्यांचं नको, बी-१२ ची तपासणी सीबीसीपेक्षा महाग पडते हे मला माहीत आहे. ज्यांच्या घरचे म्हणतात हल्ली विसरतात, ज्यांच्या पायाला मुंग्या आहेत, जे कित्येक वर्षं शुगरची गोळी घेतात, जे माळकरी आहेत, एवढे चार प्रश्न आशाताईंनी विचारले तरी कोणाचं रक्त घ्यायचं ते कळतं. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी नेहमी मिळावी आणि कमी निघालं तर गोळ्या तिथंच मिळाव्यात, ह्याबद्दल आपल्या वार्ताहरानं जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावं आणि जे उत्तर येईल ते छापावं, नाही आलं तर नाही आलं म्हणून छापावं.

आणि त्याच लेखाच्या खाली स्मरणशक्ती वाढवणाऱ्या कुठल्यातरी चूर्णाची चौकटीतली जाहिरात होती. ते चूर्ण तुमच्याकडं आलंय का म्हणून मला अजून फोन येतायत. आलेलं नाही आणि मी मागवणार पण नाही, एवढं त्याच पानावर छापलंत तर माझे फोन तरी कमी होतील.

आपला जुना वाचक,
एक मेडिकल दुकानदार, सांगली